कपाळावरची फुली

[दृश्य: वालुकाश्माचा छोटा स्फिंक्स, कडेवरची अक्षरे जवळून]

सिनाईतल्या सेराबीत अल-खादिम इथे १९०५ साली पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना हा स्फिंक्स सापडला. त्यावरची ही पाच चिन्हं ओळीने बघा: अंकुश, घर, डोळा, पुन्हा अंकुश, शेवटी फुली. चित्रांचे अर्थ जोडत बसलं तर हाती काहीच लागत नाही. १९१६ मध्ये प्राचीन इजिप्तचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी प्रत्येक चित्राच्या सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या भाषाकुळातल्या नावातला फक्त पहिला ध्वनी घेतला. घर ‘बेत’, म्हणून ब. फुली ‘ताव’, म्हणून त. मग वाचता आलं: ‘लबअलत’, बालत देवीसाठी.

म्हणजे वर्णमालेच्या अगदी सुरुवातीलाच चित्र मागे पडलं होतं, ध्वनी पुढे आला होता. तरीही बायबलमधला हरेक हिब्रू शब्द चित्रांत फोडणारे व्हिडिओ आज ढिगाने सापडतात. ‘आव’ म्हणजे वडील: आलेफचा बैल, बेतचं घर, म्हणून ‘घराचं बळ’. ऐकायला छान वाटतं. पण अक्षरं उलटी लावा. ‘बा’, म्हणजे ‘तो आला’. बैल आणि घर तिथेही आहेत. येण्याशी त्यांचा संबंध कसा लावणार? ही किल्ली हव्या त्या कुलपाला लागते, म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवू नये.

मात्र काही ठिकाणी बायबल स्वतःच अक्षराकडे बोट दाखवतं. तिथे थांबायलाच हवं.

[दृश्य: शिलोह भुयारातला शिलालेख]

यहेज्केल, अध्याय ९, वचन ४. तागाची वस्त्रं ल्यालेल्या, कमरेला दऊत असलेल्या पुरुषाला आज्ञा होते: यरुशलेमेतल्या अमंगळ कृत्यांमुळे जे उसासे टाकताहेत, त्यांच्या कपाळावर ‘ताव’ कर. हा ताव दिसायचा कसा? इ.स.पू. ७००च्या सुमाराचा हा शिलालेख पाहा. दोन तिरप्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. कुणालाही काढता येईल अशी खूण. ईयोबही ३१व्या अध्यायात आपली सही म्हणून तावच पुढे करतो. पुढे अरामी वळणाची चौकोनी लिपी रुळली. आजच्या छापील हिब्रू बायबलात ताव दाराच्या चौकटीसारखा दिसतो. फुली तिथे शोधून सापडत नाही.

खुणेचा अर्थ प्रत्येक परंपरेने आपापला लावला. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या शब्बाथ प्रकरणात नीतिमानांच्या कपाळी शाईचा ताव आहे आणि दुष्टांच्या कपाळी रक्ताचा: एक ‘तू जगशील’चा, दुसरा ‘तू मरशील’चा, कारण हिब्रूत दोन्ही शब्द तावनेच सुरू होतात. ख्रिस्ती वाचकांना तिथे क्रूस दिसला. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने यहुदी जाणकारांकडे चौकशी केली, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या एकाने त्याला सांगितलं की जुन्या लिपीतला ताव क्रूसासारखाच होता.

[दृश्य: असिसी, बंधू लिओला दिलेला आशीर्वादाचा कागद]

१२१५ साली रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेत पोप तिसरे इनोसंट यहेज्केलच्या याच अध्यायावर बोलले. असिसीचे संत फ्रान्सिस हीच खूण सहीसारखी वापरत. त्यांची खूण मात्र ‘टी’च्या आकाराची, म्हणजे ग्रीक ‘ताऊ’. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन यानेही याच आकाराला क्रूस म्हटलं होतं. यहेज्केलच्या काळातल्या हिब्रू तावला आडवा माथा नव्हताच.