स्कूबाच्या दुकानात पैसा कुठे अडतो

दृश्य : स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याच्या सामानाच्या दुकानाची दर्शनी भिंत. ओळीने टांगलेले वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारे रबरी पोशाख.

या भिंतीवर मॉडेल एकच आहे. जाड्या दोन, ३ आणि ५ मिलिमीटर. पुरुषांचा कट वेगळा, बायकांचा वेगळा. प्रत्येकात सात मापं धरा. एकेकच नग ठेवायचा म्हटला तरी २८ झाले. सीझन लागला की मिडियम आणि लार्ज हातोहात जातात. मग आलेल्या गिऱ्हाइकाला बसेल तो सूट शिल्लक नसतो आणि शिल्लक असतो तो कुणाला बसत नाही. वर्षअखेरीला उरतात टोकाची मापं. तोवर कंपनीने रंग बदललेला असतो. बरं, घड्या घालून कपाटात कोंबावेत, तर निओप्रीन म्हणजे वायूच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेलं रबर. घडीवर ते दबतं आणि तिथली ऊब कमी होते. म्हणून रुंद हँगर, मोकळी भिंत आणि त्या भिंतीवर लटकलेलं भांडवल.

दृश्य : काचेचं काउंटर.

इथला हिशोब सोपे आकडे धरून करू. मास्क ५० ला घेतला, १०० ला विकला आणि त्याच जागी वर्षात चार मास्क खपले. गुंतलेल्या ५० वर २०० सुटले. शेजारचा डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) ७५० ला घेऊन १००० ला विकला, पण तो दीड वर्ष काचेत बसून होता. म्हणजे अडकलेल्या दर १०० मागे मास्कने वर्षाला ४०० दिले, कॉम्प्युटरने २२. हाच कॉम्प्युटर मनगटावर चढवून, सगळी बटणं दाबून, अर्धा तास शंका विचारून शेवटी ऑनलाइन मागवणारे असतात, ते वेगळेच.

मग तो ठेवायचा कशाला? एजन्सी हवी असेल तर कंपन्या बहुधा किमान खरेदीची अट घालतात. सीझनआधी ठोक ऑर्डर दिली की सवलत मिळते, पैसे चुकते करायला काही महिन्यांची मुदतही मिळते. खरा धोका या मुदतीत आहे. समुद्र शांत असो की खवळलेला, ती ठरल्या तारखेलाच संपते.

दृश्य : मागची खोली. कॉम्प्रेसर चालू.

११.१ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी ५० बार हवा शिल्लक ठेवून परत आली (एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेइतका दाब). ती २०० बारपर्यंत भरायची, म्हणजे १५० गुणिले ११.१, साधारण १६६५ लिटर हवा आत घालायची. मिनिटाला २०० लिटर देणाऱ्या कॉम्प्रेसरला त्यासाठी सव्वाआठ मिनिटं लागतात. मोटर ४ किलोवॅटची असेल, तर वीज अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त. एवढंच ऐकून लोकांना वाटतं, हवा जवळजवळ फुकट पडते.

फुकट पडत नाही, कारण खर्च फिल्टरचा आहे. नळकांड्यात ओल शोषणारी मॉलिक्युलर सीव्ह असते, तेलाची वाफ आणि वास धरणारा सक्रिय कोळसा असतो, काहींत कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूसाठी हॉपकॅलाइट नावाचं रसायनही असतं. ओल झाली की हॉपकॅलाइट निकामी होतं. आता २० अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३०. म्हणजे खोली तापली की तेच नळकांडं खूप लवकर संपतं. साधा पंखा आणि हवेशीर खिडकी इथे पैसे वाचवतात. साचलेलं पाणी दर १०-१५ मिनिटांनी सोडायला विसरलं, तर तेही फिल्टरवर जाऊन पडतं. त्यात हवेची तपासणी आली. ईएन १२०२१ या युरोपीय मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाखांत ५ भाग आहे. हवा ओढणारा पाइप गाडीच्या धुराजवळ असला, तर ती ओलांडायला वेळ लागत नाही.

घाईचाही भुर्दंड बसतो. भराभर भरून ५० अंशांपर्यंत तापलेली टाकी काट्यावर २०० दाखवते. २७ अंशांना निवली की १८५ च्या आसपास येते. गिऱ्हाईक परत येतं, आणि वरून भरावी लागणारी हवा दुकानाच्या खर्चात जाते.

दृश्य : दुरुस्तीचं टेबल. रेग्युलेटर म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती श्वासाला देणारं यंत्र. त्याची फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीवर बसणारा भाग, खोलली जाते.

टाकीतली हवा आत शिरते त्या तोंडाशी बसवलेला हा फिल्टर जवळून बघा. हिरवट पडलाय. टोपण ओलं असतानाच लावलं, किंवा लावलंच नाही आणि पाणी आत गेलं. कारागीर खोलण्याआधी मधला, म्हणजे दोन स्टेजांमधला दाब मोजून ठेवतो. बहुतेक रेग्युलेटरांत तो ९ ते १० बार असतो आणि काटा तिथे थांबायला हवा. तो हळूहळू वर सरकत राहिला, तर उच्च दाबाची सीट झिजली आहे. थोड्या वेळात सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आपोआप फुसफुसू लागते. नवी सीट, फिल्टर, ओ-रिंगा, अल्ट्रासॉनिक टबात धुलाई, जुळणी, पुन्हा मोजणी. दोन सेकंड स्टेज धरून दीड-दोन तास जातात. ओ-रिंग काढायचा आकडा पितळी किंवा प्लास्टिकचा हवा. पोलादी आकड्याचा एक ओरखडा खाचेत उमटला की गळती थांबत नाही, आणि मग मजुरी बुडते, वर नवा सुटा भागही द्यावा लागतो.

तरी या टेबलाचं गणित वेटसूटच्या भिंतीपेक्षा बरं. माल मावतो एका खणात, विकली जाते मेहनत. फक्त किट मॉडेलनुसार बदलतं, म्हणून कमी ब्रँड आणायचे, पण पूर्ण सांभाळायचे.

दुकान डायव्हिंग शिकवतं, त्या शिकवणीत तलावाचं भाडं आणि प्रशिक्षकाचा दिवस दोन विद्यार्थी असोत की सहा, तेवढाच पडतो. फीमधून फारसं उरत नाही. पण मास्क, फिन, बूट ही खरेदी शिकतानाच होते.

दृश्य : भाड्याचा माल धुतला जातोय.

बीसीडी, म्हणजे हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळणारं जॅकेट, बाहेरून सगळेच धुतात. आतल्या पिशवीत गोडं पाणी भरून, हलवून ओतलं नाही, तर इन्फ्लेटरच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, बटणात मीठ साचतं. बटण अडकलं की बीसीडी आपोआप फुगते आणि डायव्हर वर खेचला जातो. रोज असा धुतलेला संच दोन सीझन भाडं देतो आणि तिसऱ्याच्या तोंडावर, मोठी सर्व्हिस येण्याआधी, तपासून, वापरलेला असं स्पष्ट सांगून विकता येतो. गिऱ्हाईकही बहुधा तयार असतं. त्याच संचावर ते शिकलेलं असतं.