वर्डपॅड कुठी गेलं? आणि तुमच्या मराठीची ????? काहून होते

नमस्कार राजेहो. आवाज येऊन राहिला ना बरोबर? मागच्या व्हिडिओत दुकानासमोर सोयाबीनचं थ्रेशर सुरू होतं, तर निम्म्या लोकांनी कॉम्प्युटरचं सोडून मला हेच विचारलं की भाऊ, झडती किती लागली. एकरी चार पोते. झालं समाधान? आता कामाचं बोलू.

दोन-तीन महिने झाले, एकच प्रश्न येतोय, विंडोजसोबत फुकट यायचं त्या लिहायच्या वर्डपॅडचा. एकानं तर लिहिलं, "भाऊ, नवा लॅपटॉप घेतला, त्याच्यात वर्डपॅडच नाही. दुकानदारानं काढून घेतलं असन का?" अरे बावा, दुकानदार काढलीच तर रॅम काढेल. वर्डपॅड काढून तो काय लोणचं घालणार आहे? ते खुद्द मायक्रोसॉफ्टनं काढलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की आता यात सुधारणा होणार नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून ते येतच नाही. विंडोज ९५ सोबत आलं होतं. त्याच्याही आधी त्या जागेवर 'राईट' नावाचं एक होतं, १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून. नोटपॅड पण तेव्हापासूनचंच, पण ते टिकलं.

एक करू नका. गुगलवर 'वर्डपॅड फ्री डाउनलोड' टाकून जे पहिलं हिरवं बटन दिसेल ते दाबू नका. माझ्याकडं असे दोन लॅपटॉप आले दुरुस्तीला. वर्डपॅड काही मिळालं नव्हतं, बाकी सगळं मिळालं होतं. ठळक, तिरपं, लहान-मोठं अक्षर, फोटो असं काही पाहिजे असेल तर लिब्रेऑफिस रायटर घ्या. फुकट आहे, त्यांच्या स्वतःच्या वेबसाईटवरून घ्या. जुन्या आरटीएफ फायली, म्हणजे वर्डपॅडमध्ये बनवलेल्या, त्यात उघडतात, वर्डमध्येही उघडतात. वर्डपॅडचा विषय संपला.

आता नोटपॅड आणि वर्डपॅड, या दोघांतला फरक. कापसाचं उदाहरण दिल्याशिवाय आमच्याकडं काही समजत नाही, म्हणून तेच देतो. नोटपॅड म्हणजे नुसती रुई. वर्डपॅड म्हणजे भरून, शिवून, खोळ चढवलेली गादी. नोटपॅडच्या फाईलमध्ये फक्त अक्षरं राहतात. फॉन्ट राहत नाही, रंग राहत नाही. तुम्ही नोटपॅडमध्ये फॉन्ट बदलता ना, तो तुमच्या डोळ्यापुरता असतो. फाईल दुसऱ्याला पाठवली की त्याच्याकडं त्याचा फॉन्ट. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येणार आहे.

नोटपॅड उघडायचं कसं? विंडोजचं बटन, नोटपॅड टाईप करा, एंटर. मराठी कीबोर्ड सेटिंगमध्ये जोडायचा, विंडोजचं बटन धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. कंट्रोल एस म्हणजे सेव्ह. हे सगळ्यांना येतं, पुढं चला.

आता खरी गोष्ट. याच्यासाठीच आज कॅमेरा लावला.

[स्क्रीनवर: सेव्ह ॲजची खिडकी]

हे पाहा. खाली तीन रकाने आहेत. फाईलचं नाव, मग सेव्ह ॲज टाईप, आणि तिसरा, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये कोणत्या पद्धतीनं ठेवायची ते. पहिल्या दोघांकडं सगळे पाहतात. तिसऱ्याकडं कोणी ढुंकून पाहत नाही. आणि आपल्या मराठीचा जीव त्या तिसऱ्यात अडकलेला असतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकानात विंडोज ७ वाला एक डबा होता. वर्ड नव्हतं, म्हणजे खोटं कशाला बोलू, चोरीचं होतं, ते बंद पडलं होतं. एक दिवस संध्याकाळी ग्रामसेवक भाऊ आले, ग्रामसभेचे ठराव टाईप करायचे म्हणून. ते सांगत गेले, मी नोटपॅडमध्ये टाईप करत गेलो. नालीचं बांधकाम, स्मशानभूमीचं शेड, शाळेची भिंत. मध्ये दोनदा लाइन गेली, इन्व्हर्टरवर काम चालवलं. अडीच तास. शेवटी कंट्रोल एस दाबलं, नाव दिलं, आणि मध्येच इंग्रजीतली एक पाटी आली. चार ओळींची. खाली ओके आणि कॅन्सल. आता इंग्रजी पाटी आली की आपला हात कुठं जातो? ओकेवर! वाचतो कोण? मीही नाही वाचली. ओके. स्क्रीनवर मराठी जशीच्या तशी दिसत होती. मी खूश. कॉम्प्युटर बंद करून घरी.

सकाळी प्रिंट काढली. तीन पानं. सगळीकडं प्रश्नचिन्हं. मधून मधून स्वल्पविराम, कंस, आणि मी इंग्रजी आकड्यांत टाकलेली रक्कम. म्हणजे पैसे किती ते कळत होतं, कशाचे ते नाही. भाऊ म्हणाले, "हे काय करून ठेवलं बे?"

त्या पाटीवर काय लिहिलं होतं माहीत आहे? की बाबा, या फाईलमध्ये अशी अक्षरं आहेत जी तू निवडलेल्या पद्धतीत सेव्ह केली तर नाहीशी होतील, कॅन्सल कर आणि खालून दुसरी पद्धत निवड. अगदी बरोबर सांगितलं होतं बिचाऱ्यानं. मीच ओके म्हणालो.

आणि इथं एक बारीक जागा आहे, जी मला फार उशिरा कळली. खिडकी उघडी आहे तोवर अक्षरं जिवंत असतात. डिस्कवरची फाईल मेलेली, पण स्क्रीनवरचं मेमरीत शाबूत. त्या वेळी मी परत सेव्ह ॲज करून तिसऱ्या रकान्यात यूटीएफ-८ (सगळ्या भाषांची अक्षरं बसणारी पद्धत) घेतलं असतं तर सगळं वाचलं असतं. म्हणून मराठी टाईप केल्यावर कधी शंका आली तर आधी खिडकी बंद करू नका. चहा प्यायला जा, पण खिडकी बंद करू नका.

बरं, हे होतं काहून? करूनच दाखवतो.

[स्क्रीनवर: नोटपॅड, एकच शब्द]

नवी फाईल. फक्त 'मराठी' लिहिलं. एंटर नाही, स्पेस नाही. आता मोजा: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. पाच. कॉम्प्युटर काना आणि वेलांटी वेगळी मोजतो. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलं. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज. साईझ किती? १५ बाईट. बाईट म्हणजे फाईलची जागा मोजायचं माप. पाच अक्षरं, प्रत्येकाला तीन.

आता तोच शब्द, दुसऱ्या नावानं, तिसऱ्या रकान्यात एएनएसआय निवडून. ती पाटी आली, मुद्दाम ओके करतो. प्रॉपर्टीज. ५ बाईट. बंद करून उघडली, तर आत पाच प्रश्नचिन्हं.

पाहिलं? एएनएसआय ही जुनी पद्धत. एका अक्षराला एक बाईट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ खणांची पेटी. त्यात इंग्रजी बसते, युरोपातली टोप्या घातलेली अक्षरं बसतात. आपल्या 'म'ला खणच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, 'म'चा नंबर आहे २३५०. पेटीत २३५० नंबरचा खण नाही, मग तो काय करतो? प्रश्नचिन्ह ठेवतो. झाकून ठेवत नाही, 'म' फेकून त्याच्या जागी ठेवतो. 'म'चंही प्रश्नचिन्ह, 'ठ'चंही तेच. मग परत कसं ओळखणार कोणतं कोणाचं?

हे मी परत सांगतो, कारण कमेंटमध्ये दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, "भाऊ, प्रश्नचिन्हाची मराठी करून देणारं सॉफ्टवेअर सांगा ना." नाही राजेहो. सरकी एकदा घाण्यातून तेल होऊन निघाली की पेरता येत नाही. कोणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर देऊ नका.

पण थांबा. फाईल बिघडली म्हणजे प्रत्येक वेळी मेलीच असं नाही. पोट्टे घाबरतात आणि चांगली फाईल डिलीट करून टाकतात. बिघाड कसा दिसतो ते आधी पाहा.

चौकोनी डबे दिसत असतील तर काहीच बिघडलं नाही. त्या कॉम्प्युटरवर देवनागरी फॉन्ट नाही, इतकंच. मंगल किंवा निर्मला लावा, येईल.

इंग्रजी 'ए'च्या डोक्यावर तिरपी रेघ, मग गोलात 'आर', असं भूत दिसत असेल तरी मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ ची फाईल कोणीतरी एएनएसआय समजून वाचतोय. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने पाडलेली यादीची फाईल, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की हेच होतं. बचत गटाच्या एका ताईंची यादी अशीच झाली होती, त्या रडायच्या बेतात होत्या. फाईल नोटपॅडमध्ये उघडली, तिसऱ्या रकान्यात 'यूटीएफ-८ विथ बीओएम' (बीओएम म्हणजे फाईलच्या सुरुवातीची ओळखीची खूण) निवडून सेव्ह केली, एक्सेलमध्ये सगळ्या बायांची नावं आली. दोन मिनिटांचं काम. त्यांनी मला बदल्यात वाटीभर सांडगे दिले.

आणि तिसरं, साधी इंग्रजी अक्षरं, पण अर्थ नाही. ई, जे, के, मोठा बी, एच. हे काय आहे? हे 'मराठी'च आहे! कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. आणि मघाशी काय सांगितलं? नोटपॅड फॉन्ट सोबत पाठवत नाही. मग मुखवटा तुमच्या घरी, आणि नुसतं ई-जे-के तहसीलला. समोरच्याकडं कृतिदेव असेल तर तो लावेल आणि वाचेल, नसेल तर तुम्हाला फोन करेल. कन्व्हर्टर मिळतात, त्यातून युनिकोड करून घ्या.

कृतिदेववाले काका लोक आता कमेंटमध्ये माझ्यावर तुटून पडतील. "आमचा रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या पद्धतीचा, हात बसला आहे, आता या वयात काय शिकू?" काका, बसलेला हात बदलूच नका. रेमिंग्टनच्या पद्धतीनं युनिकोड टाईप करायचे कीबोर्डही मिळतात. बोटं तीच, फक्त फाईलमध्ये खरी मराठी जाते. माझं भांडण तुमच्या बोटांशी नाही.

तर यात कायमचा गेलेला प्रकार एकच, प्रश्नचिन्हांचा. आणि तो होतो तिसऱ्या रकान्यात. तिसऱ्यांदा सांगतोय, चौथ्यांदाही सांगेन.

"पण भाऊ, माझ्यात तर आपोआप यूटीएफ-८ च येतं." येत असेल. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून, १९०३ नंबरच्या, नोटपॅड नवी फाईल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करतं. त्याच्या आधी एएनएसआय होतं. म्हणून शहरातल्या पोट्ट्यांना हा त्रास माहीतच नाही. पण आमच्याकडं अजून विंडोज ७ चे डबे चालतात, सेवा केंद्रात, दूध डेअरीत, कृषी केंद्रात. आणि नव्या नोटपॅडमध्येही जुनी एएनएसआयची फाईल उघडून तिच्यात मराठी घातली तर ते फाईलची जुनी पद्धतच धरून बसतं. म्हणून नव्या नोटपॅडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात पाहायची सवय लावा, तिथं एन्कोडिंग लिहिलेलं असतं. यूटीएफ-८ दिसलं की बिनधास्त.

एकानं लिहिलंय, "एआयच्या जमान्यात हा नोटपॅड शिकवून राहिला." हाव, शिकवून राहिलो. तुझ्या एआयनं लिहून दिलेला अर्ज तू कशात चिकटवतो रे? आणि चिकटवून सेव्ह कोण करतं?

जाता जाता माझं आवडतं. नोटपॅडमध्ये एफ-५ दाबलं की तारीख आणि वेळ येते. आणि पहिल्या ओळीत सगळ्यात आधी टिंब आणि इंग्रजीत मोठ्या लिपीत एल-ओ-जी लिहून फाईल सेव्ह केली, तर पुढच्या वेळी उघडताना तारीख-वेळ आपोआप शेवटी टाकली जाते. मी कापसाच्या वेचणीचा हिशोब त्यातच ठेवतो. संध्याकाळी काटा झाला की फाईल उघडायची, तारीख पडलेली असते, खाली लिहायचं: मोठी काकू ४२ किलो, धाकटी ३६. आधी वहीत होतं, तर मागच्या साली वही पावसात भिजली आणि आठ दिवसांच्या चुकाऱ्यावरून घरात महाभारत. आता बाबा स्वतः विचारतात, "टाकलं का तुह्या त्या पॅडात?"

आणि त्या ठरावांचं काय झालं, ते राहिलंच. परत बसलो. परत अडीच तास. भाऊंना पहिल्या दिवशीचं सगळं आठवत नव्हतं, शाळेची भिंत दुसऱ्यांदा दोन फूट उंच झाली. ती प्रश्नचिन्हांची प्रिंट मी फेकली नाही, दुकानात झेरॉक्स मशीनच्या वर चिकटवून ठेवली आहे. ही पाहा, पिवळी पडली. परवा एक आजोबा आधारची झेरॉक्स काढायला आले, चष्मा काढून, पुसून, परत घालून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "इतके प्रश्न कोनाले विचारले बावा?"

म्हटलं, "ग्रामसभेले."

"मंग," म्हणे, "उत्तर आलं का एखाद्याचं?"