राजमाचीचा दगडी उतार आणि दमलेले हात

नमस्कार. वेळ थोडा आहे म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो. लांबच्या सायकल राइडमध्ये जो दगडधोंड्यांचा अवघड उतार लागतो ना, त्याचा निकाल बराचसा आपण तिथे पोचायच्या आधीच लागलेला असतो. टेक्निक शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि त्यातले बरेच चांगलेही आहेत, पण त्यातला रायडर बहुतेक वेळा ताजातवाना असतो, सायकल गाडीवर टाकून वर गेलेला असतो. आपण काय करतो, पहाटे पुण्यातून निघतो, जुन्या हायवेने लोणावळ्यापर्यंत ६५ एक किलोमीटर मारतो, चहा-पोहे करतो आणि मग तुंगार्लीवरून राजमाचीचा कच्चा रस्ता धरतो, उधेवाडी गावापर्यंत साधारण १५ किलोमीटर, चढ, उतार, ओढे, परत चढ. म्हणजे पहिला खरा दगडी उतार येतो तेव्हा मनगटं आणि खांदे आधीच दमलेले असतात, आणि ब्रेक तर त्याच हातांनी दाबायचे असतात.

आधी दगडाबद्दल बोलूया, कारण हे कुणी सांगत नाही. आपला सह्याद्री म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. हा दगड झिजतो तेव्हा त्याच्या कडा आधी जातात, आतला गोलसर कठीण गोळा राहतो आणि बाजूचा सगळा मुरूम होतो. पावसात तो मुरूम वाहून जातो आणि गोळे रस्त्यावर सुटे पडतात. राजमाचीच्या रस्त्याचे काही तुकडे आता बरे झालेत, पण ओढ्याकडे उतरणाऱ्या वळणांवर अजून हेच आहे, मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्या गोट्यांपर्यंत सगळं सुटं. तुम्ही चाक ठेवता तो दगड तिथेच राहील याची खात्री नाही. एप्रिल-मे मध्ये त्याच्यावर धूळ आणि बारीक खडी असते, मोहरी सांडलेल्या फरशीवर पाय पडावा तसं चाक जातं. जुलैत शेवाळ. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने हा रस्ता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करावा, पावसाने दगड धुतलेला असतो आणि वरून सुकलेला असतो. अमेरिकेत युटामध्ये मोआब म्हणून जागा आहे, माउंटन बाइकवाल्यांची पंढरीच म्हणा, तिथला तांबडा वालुकाश्म खरखरीत आहे, कोरडा असला की रबर धरून ठेवतो, लोक त्याच्या उभ्या उतारावरून आरामात खाली येतात. ते बघून आपल्या ओल्या काळ्या कातळावर तसंच करायला जाऊ नका, प्लीज. तो वेगळा दगड आहे.

आता लोणावळ्याचा ब्रेक. या ब्रेकमध्ये चार कामं करायची असतात आणि ती केली तर अर्धा उतार झाला असं मी मानतो. पहिलं, हवा. हायवेसाठी आपण टायर टणक करतो, ५० पीएसआय, कुणी त्याहून जास्त. तसंच दगडावर गेलं की चाक प्रत्येक गोट्यावरून उडतं, ग्रिप मिळतच नाही. सत्तर किलोचा माणूस, सव्वादोन इंची ट्यूबलेस टायर असेल तर २५ च्या आसपास आणा, ट्यूब असेल तर ३० ते ३५ ठेवा, कारण त्याहून कमी केलं तर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंप बरोबर असू द्या, परतीला हायवेवर हवा परत भरायचीच आहे. दुसरं, फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉक. डांबरी रस्त्यावर ते दबू नयेत म्हणून लॉकआउट लावलेला असतो तो उघडा, अगदी हँडल दाबून बघा खाली जातोय का, कारण उतारावर पहिला दणका बसल्यावर आठवलं तर तिथे हात सोडून नॉब फिरवता येत नाही. तिसरं, सीट. ड्रॉपर, म्हणजे बटण दाबलं की खाली जाणारी सीट, असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर उताराच्या आधी क्विक रिलीज, म्हणजे सीटच्या दांड्याची कळ, उघडून चार बोटं खाली घ्या, खूण करून ठेवा म्हणजे चढाला परत तिथेच आणता येते. चौथं, खाणं. लोणावळ्यात आहात, चिक्की घ्या, आणि ती घरी न्यायला नाही, खायला. पोटात काही नसलं की पायांच्या आधी डोकं मंद होतं, कुठल्या बाजूने जायचं हे ठरवायला अर्धा सेकंद जास्त लागतो, आणि तिथे अर्धा सेकंद म्हणजे दोन दगड मागे गेलेले असतात.

मग तो उतार समोर येतो. थांबा. सायकल आडवी टाका, पाणी प्या, हात झटका, बोटं उघडा-मिटा, आणि चालत खाली जाऊन बघा. बहुतेक जण वरून खाली लाइन, म्हणजे चाक न्यायची वाट, बघतात, पहिला दगड कसा चुकवायचा एवढंच. उलट करा. आधी खाली जिथून बाहेर पडायचंय ती जागा ठरवा आणि तिथून वरपर्यंत मागे मागे येत लाइन जुळवा, कारण पहिला दगड सोपा चुकवण्याच्या नादात माणूस अशा कोपऱ्यात जातो की पुढे रस्ताच नसतो. आणि अधेमधे एखादी साफ जागा हेरून ठेवा, जिथे थांबता येईल, जिथे ब्रेक दाबता येईल.

ब्रेकचं नीट ऐका. सुट्या दगडांवर ब्रेक दाबायचा नसतो, दगडांच्या आधी दाबायचा असतो. असं बघा, पुढचं चाक डोक्याएवढ्या गोट्याला भिडतं, त्या क्षणी चाक फिरत असेल तर ते वर चढतं आणि पलीकडे उतरतं. त्याच क्षणी तुम्ही घाबरून पुढचा ब्रेक आवळला तर चाक तिथेच अडतं, पण तुमचं वजन काही अडत नाही, ते हँडलवरून पुढे जातं. म्हणून साफ मातीवर वेग कमी करा, दगड आले की बोटं हलकी करा, पुढच्या साफ जागी परत दाबा. प्रत्येक लिव्हरवर एकच बोट, बाकीची ग्रिपवर. वरपासून खालपर्यंत सतत थोडा थोडा ब्रेक धरून ठेवला तर डिस्क तापते, ब्रेकचा जोर कमी होतो आणि हात तर त्याच्याही आधी संपतात. ब्रेक तापायचा प्रश्न या खेळाच्या जन्मापासूनचा आहे, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत जुन्या जाडजूड सायकली घेऊन पोरं ज्या उतारावर रेस लावायची तिथे मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवीन ग्रीस भरावं लागायचं. आज आपल्याकडे हायड्रॉलिक डिस्क आहेत, पण तापायचं ते तापतंच.

वेग किती? फार हळू गेलात तर दोन दगडांच्या खाचेत चाक बसतं आणि तुम्ही जागच्या जागी आडवे. फार जोरात गेलात तर, वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते हे शाळेतलं गणित आहे, ती सगळी कुठेतरी जिरवावी लागते. भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त वेग, नवीन माणसाला एवढा पुरे.

शरीराचं थोडक्यात. पेडल आडवे, दोन्ही सारख्या उंचीवर, नाहीतर खालचं पेडल दगडाला लागतं. टाचा खाली, वजन पायांवर, कोपरं बाहेर, छाती खाली. सगळ्यांनी ऐकलेलं असतं की उताराला मागे जा, म्हणून लोक इतके मागे जातात की हात ताठ होतात, पुढचं चाक हलकं होतं आणि वळतच नाही. थोडंच मागे, हातात वाकायला जागा राहील एवढंच. आणि नजर पाच-सहा मीटर पुढे. ज्या दगडाकडे टक लावून बघाल त्याच्यावरच जाल, हे नवशिक्याच्या बाबतीत इतक्या वेळा बघितलंय की आता मी नवीन पोरांच्या मागून येताना ‘दगड बघ’ असं कधीच ओरडत नाही, ‘झाडाकडे बघ, झाडाकडे’ असं ओरडतो, जिकडे जायचंय तिकडचं झाड.

आणि उतरून चालणं. बोटं लिव्हरवर थरथरायला लागली, किंवा लाइन दिसतच नाहीये, तर उतरा. यात लाजण्यासारखं काही नाही आणि ग्रुपमध्ये कुणी हसलं तर लीडरने तिथल्या तिथे त्याला गप्प करावं असं मला मनापासून वाटतं. चालताना सायकल दरीच्या बाजूला, तुम्ही डोंगराच्या बाजूला, म्हणजे घसरली तर हात सोडता येतो. क्लीट्सचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारा लोखंडी तुकडा असलेले, बूट असतील तर जपून, लोखंड आणि कातळ यांचं अजिबात जमत नाही.

ग्रुपने जाताना एक जण पूर्ण खाली पोचून बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याने सुरुवात करायची नाही, कारण सुटलेले गोटे खालच्याच्या अंगावर जातात. पहिला खाली थांबेल, फर्स्ट एड सगळ्यात शेवटच्याकडे, कारण पडलेल्या माणसापर्यंत वरून येणं सोपं, खालून चढत येणं नाही. आणि हा रस्ता उधेवाडीच्या लोकांचा रोजचा रस्ता आहे, डोक्यावर ओझं घेऊन बाई येत असते, गुरं येतात, शनिवार-रविवारी ट्रेकर्सची रांग असते. वळणापलीकडे कोण आहे ते आपल्याला दिसत नाही आणि आपण येतोय हे त्यांना माहीत नसतं. कृपा करून सायकलला घंटी लावा, महागड्या सायकलवाल्यांनीही, आणि वळणाच्या आधीच वाजवा.