दुभाजक संपतो तिथे

लर्निंग लायसनची परीक्षा द्यायला निघालेली मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा चिन्हं त्यांना तोंडपाठ असतात. चित्र दाखवलं की नाव सांगतात. 'पुढे अरुंद रस्ता', 'अरुंद पूल', 'दुभाजकात फट'. पण गाडीत बसवून त्याच पाटीजवळून नेलं आणि विचारलं, "आता काय करशील?", तर गप्प बसतात. आज मी त्या गप्प बसण्याबद्दलच बोलणार आहे. नाव पाठ झालं म्हणजे पाटी वाचता आली असं नाही.

आकारांचं थोडक्यात उरकतो, ते तुम्हाला येतं. गोल पाटी हुकूम देते, निळी चौकोनी माहिती देते आणि लाल काठाचा पांढरा तिकोन सावध करतो. शेंडा खाली केलेला तिकोन तेवढा वेगळा, तो 'रस्ता द्या' असा हुकूम आहे. आपला विषय शेंडा वर असलेल्या तिकोनाचा आणि त्यातही लेनबद्दल सांगणाऱ्या पाट्यांचा.

या पाट्यांचं चित्र खालून वर वाचायचं. तिकोनाचा तळ म्हणजे तुम्ही आत्ता आहात ती जागा, शेंडा म्हणजे पुढचा रस्ता. दोन रेघा खाली लांब आणि वर जवळ आल्या, तर रस्ता पुढे अरुंद होतोय. खाली जवळ, वर लांब, तर रुंद होतोय. दोन्हीपैकी एकच रेघ आत वळली असेल तर ती कोणत्या बाजूची आहे ते बघा, त्या बाजूची लेन संपते आहे. मधली जाड पट्टी खालच्या अंगाला असून वर मोकळं असेल तर दुभाजक संपतोय, पट्टी वर असेल तर सुरू होतोय. एवढं डोक्यात बसलं की पाठांतराची गरज उरत नाही.

आता खरी गोष्ट. लेनची पाटी डांबराबद्दल बोलते असं आपण समजतो. माझं म्हणणं, ती शेजारच्या गाडीबद्दल बोलते. डावी लेन संपते, म्हणजे तुमच्या डावीकडून चाललेला टेम्पो आता तुमच्या अंगावर येणार आहे. त्याला दुसरीकडे जागाच नाही. अरुंद पूल, म्हणजे समोरून येणारी एसटी आणि तुम्ही दोघंही त्याच मधल्या पट्ट्यावर हक्क सांगणार आहात. म्हणून माझ्या गाडीत नियम असा, की पाटी दिसली की नाव सांगायचं नाही. "माझ्या जागेत कोण येणार?" याचं उत्तर मोठ्याने द्यायचं.

आपल्याकडे याची गरज जास्त का, तेही सांगतो. धुळे-जळगाव महामार्गाचा नंबर आता ५३ आहे, जुनी माणसं अजून ६ नंबरच म्हणतात. नवापूर, कोंडाईबारी, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा तो जातो. हा रस्ता तुकड्या-तुकड्यांनी चौपदरी होत गेला. त्या वर्षांत थोडं चौपदरी, मग वळण, मग दुपदरी, पुन्हा चौपदरी असा खेळ रोजचा होता. उत्तरेला शहादा, चोपडा, यावल, रावेर करत जाणाऱ्या अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर तर दुपदरीचीच सवय. रावेर-सावद्याचे केळीचे ट्रक, कापसाच्या ट्रॉल्या आणि शाळेची पोरं सायकलवर, सगळे त्याच डांबरावर. सवय एका रस्त्याची, गाडी दुसऱ्या रस्त्यावर, असं आपलं सतत होतं.

त्या कामाच्या दिवसांतली एक संध्याकाळ सांगतो. मी एका शिकणाऱ्या मुलाला घेऊन धुळ्याकडून येत होतो. पोरगा चांगला होता, आरसे बघायचा, इंडिकेटर विसरायचा नाही. जवळजवळ अर्धा तास दुभाजकाच्या रस्त्यावर चाललो होतो. त्या अर्ध्या तासात त्याच्या हाताला एक गोष्ट लागली: पुढचा ट्रक हळू चालला की उजवीकडे घ्यायचं, पुढे जायचं. दुभाजक संपल्याची पाटी खांबावर होती, पण कुणीतरी तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधला होता. तिकोनाचा फक्त वरचा लाल शेंडा दिसत होता. मला तो दिसला, त्याला दिसला नाही. दुभाजक संपला आणि त्याने सवयीने ट्रकला उजवीकडून घ्यायला सुरुवात केली. समोरून दुसरा ट्रक. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला, गाडी पुन्हा ट्रकच्या मागे आली. समोरच्याने डिपर देत देत साइडपट्टीवर उतरून आम्हाला जागा केली. पोरगा बराच वेळ बोललाच नाही. पुढे ढाब्यावर थांबलो तेव्हा ज्याला आम्ही ओलांडायला निघालो होतो त्याच ट्रकचा चालक जवळ आला आणि त्याला एवढंच म्हणाला, "दुभाजक सरना रे भो, डावा आंगे ऱ्हाय." म्हणजे, दुभाजक संपला रे भाऊ, डाव्या बाजूला राहा.

त्या माणसाने राग केला नाही, शिकवलं. त्याचं वाक्य मी आजही प्रत्येकाला सांगतो. दुभाजक असताना तुमच्या उजवीकडची लेन तुमची असते. तो संपला की तीच लेन समोरच्याची होते. डांबर तेच, पट्टा तोच, मालक बदलला. दोन बाण, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा, अशी पाटी याच जागी भेटते. ती पाहिल्यावर पुढची गाडी बैलगाडी असली तरी थोडा वेळ तिच्या मागे चालायचं.

हिशेब करून बघा. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाटी धोक्याच्या १२० मीटर आधी असेल तर तुमच्या हातात साडेपाच सेकंद आहेत. समोरचाही ८० ने येत असेल तर दोघांमधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने कमी होतं. ट्रक ओलांडायला आठ सेकंद लागले, तर तेवढ्यात साडेतीनशे मीटर संपले. सपाट रस्त्यावर साडेतीनशे मीटरवरचा ट्रक हात लांब करून धरलेल्या बोटाच्या नखापेक्षाही लहान दिसतो, आणि मन म्हणतं, लांब आहे.

दुभाजकातल्या फटीची पाटीही अशीच हलकी घेतली जाते. मधली काळी पट्टी तुटलेली दिसते, लोक म्हणतात, यू टर्नची जागा. मी म्हणतो, ट्रॉली बघा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून जी लांबी होते, ती दुभाजकाच्या रुंदीत मावत नाही. ट्रॅक्टर फटीत उभा राहिला की ट्रॉलीचं मागचं अंग तुमच्या जलद लेनमध्ये राहतं. कापसाच्या दिवसांत तिच्या मागचा दिवा गाठोड्यांखाली गेलेला असतो. म्हणून ही पाटी दिसली की उजवी लेन सोडून डावीकडे यायचं, फट मागे पडेपर्यंत.

आणि लेन संपते तिथे घुसायची घाई नको. एक गाडी तिकडची, एक इकडची, असं चाललं तर कुणालाच थांबावं लागत नाही. हे सांगून पटत नाही, एकदा करून बघा.

मघाशी मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलं, पाटीच नसेल, वाकली असेल किंवा झाडाआड गेली असेल तर? प्रश्न मोलाचा आहे, कारण अशा पाट्या पुष्कळ आहेत. दिवसा रस्त्यावरचा पांढरा रंग बघा. तुटक पट्टी अखंड झाली की काहीतरी बदलणार आहे. रात्री समोरचे दिवे बघा. दुभाजकात कण्हेर लावलेली असते. तिच्या फांद्यांआडून समोरच्या गाडीचे दिवे लुकलुकत येतात. ते लुकलुकणं थांबलं आणि दिवे एकसारखे, सरळ डोळ्यांवर यायला लागले, तर मध्ये आता कण्हेर नाही. त्याच क्षणी पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि डावीकडे राहायचं.