मानेला ‘हो’ म्हणायला शिकवताना

‘पोक काढून बसू नकोस.’ हे वाक्य मी आत्ता नुसतं उच्चारलं आणि समोरच्या कितीतरी पाठी ताठ झालेल्या मला इथून दिसल्या. लहानपणापासून ते आपल्या कानात बसलंय. पण ही ताठ पाठ टिकते किती वेळ? दोन मिनिटं, फार तर तीन. मग लक्ष दुसरीकडे जातं आणि डोकं हळूहळू पुढे सरकू लागतं. याला आपण आळस म्हणतो, वाईट सवय म्हणतो, मुलांना त्यावरून ओरडतो. फिजिओथेरपीचं काम करता करता माझं मत मात्र पक्कं होत गेलं आहे. पुढे आलेली मान हा शिस्तीचा प्रश्न नाही, तो बराचसा स्नायूंच्या दमाचा प्रश्न आहे. आणि दम वाढवता येतो.

मान पुढे येते म्हणजे होतं काय, ते आधी पाहू. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ४.५ ते ५ किलोचं असतं आणि ते मानेच्या ७ मणक्यांवर तोललेलं असतं. ते पुढे सरकलं की मानेचा खालचा भाग पुढे झुकतो. तेवढंच झालं असतं तर आपली नजर जमिनीकडे गेली असती. पण डोळ्यांना समोर पाहायचं असतं. म्हणून मानेचा वरचा भाग, अगदी कवटीखालचा, उलट मागे वळतो आणि हनुवटी वर येते. एकाच मानेत दोन विरुद्ध बाक. कवटीच्या तळाशी मागच्या बाजूला अगदी छोटे स्नायू असतात, ते या स्थितीत दिवसभर आखडून राहतात. संध्याकाळी मानेतून निघून डोक्यावरून कपाळापर्यंत येणारी ठणक तुमच्यापैकी काहींना ओळखीची असेल. तिचं मूळ कित्येकदा मानेच्या या वरच्या भागात सापडतं. याउलट पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्याही मागे, मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू दुबळे पडतात. मणक्यांना जागच्या जागी धरून ठेवायचं काम त्यांचं. ते थकले की बाहेरचे मोठे स्नायू ते काम अंगावर घेतात. पण ते हालचालीसाठी घडलेले असतात, तासन्‌तास धरून ठेवण्यासाठी नव्हे. मग खांद्यांना रग लागते.

मोबाइल पाहताना मानेवर २७ किलोचं ओझं येतं, हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय गणितातला आहे, आणि तोही मान ६० अंश खाली वाकवलेली असताना. कुणाच्या मानेवर प्रत्यक्ष मोजलेला नाही. मान वाकण्यासाठीच घडलेली आहे; वाकवून तशीच तासभर ठेवणं तिला जड जातं. २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून झालेल्या एका आढाव्यात, मान दुखणाऱ्या प्रौढांमध्ये डोकं अधिक पुढे आलेलं आढळलं. किशोरवयीन मुलांत मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की मुलांना ‘तुझी मान कायमची वाकडी होईल’ असं सांगून घाबरवू नका. त्यांना उठवा, पळायला लावा.

आम्ही हे मोजतो कसं? बाजूने फोटो काढतो. मान खाली घातल्यावर तिच्या तळाशी सगळ्यात वर येणारं जे हाड बोटाला लागतं, तिथपासून कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्यापर्यंत एक रेघ ओढायची. ही रेघ आडव्या रेषेशी साधारण ५० अंशांहून कमी कोन करत असेल तर डोकं पुढे आलंय असं धरतात.

आता उपचार. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण सगळं मर्म इथेच आहे. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट ग्वेन्डोलेन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवलेली एक तपासणी आहे. रुग्णाला गुडघे दुमडून उताणं झोपवायचं आणि मानेच्या मागच्या पोकळीत हवेची छोटी पिशवी ठेवायची. तिला रक्तदाबाच्या यंत्रासारखीच काट्याची तबकडी जोडलेली असते. दाब २० मिलिमीटरवर आणायचा आणि सांगायचं, ‘आता तोंडाने न बोलता, फक्त मानेने हळूच हो म्हणा.’ डोकं उचलायचं नाही, गादीत दाबायचं नाही. डोक्याचा मागचा भाग गादीवरून नुसता घसरावा, इतकीच हालचाल. काटा २२ वर जातो. तिथे १० सेकंद थांबायचं. मग २४, २६, असं ३० पर्यंत.

ऐकायला ही हालचाल क्षुल्लक वाटते. पण मी शेजारी बसून गळ्यावर दोन बोटं ठेवते, तेव्हा निराळंच चित्र दिसतं. पुष्कळांचा काटा २४ ला थरथरू लागतो. कानामागून गळ्याच्या हाडाकडे येणारे दोन जाड दोर टरारून वर येतात, दात आवळले जातात, श्वास कोंडला जातो. आतल्या स्नायूंनी हात टेकले आणि बाहेरच्यांनी काम ओढून घेतलं, हे त्यावरून कळतं. मग आम्ही एक पायरी खाली येतो आणि गळा मऊ राहील अशा दाबापासून व्यायाम सुरू करतो. १० सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसातून दोनदा. घरी पिशवीची गरज नाही. आपलीच बोटं गळ्यावर ठेवायची. दोर ताठ झाले की समजायचं, जास्त झालं.

२००७ साली जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुनी मानदुखी असलेल्या स्त्रियांचे दोन गट. एकाने ६ आठवडे हा ‘हो’चा व्यायाम केला, दुसऱ्याने डोकं उचलण्याचा जोराचा व्यायाम. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं. पण १० मिनिटं संगणकावर काम करायला बसवल्यावर, डोकं पुढे घसरण्याचं प्रमाण ‘हो’ म्हणणाऱ्या गटात कमी झालं. मी दम म्हणते तो हाच.

हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम बहुतेकांना ठाऊक असतो. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या उपचारपद्धतीतून तो सर्वदूर पोचला. व्यायाम उत्तम आहे, पण लोक तो जोर लावून करतात. सुरुवातीच्या काळात मीही ‘अजून मागे, अजून’ असं सांगत असे, आणि काही रुग्ण दुसऱ्या दिवशी मान आखडून परत येत. ती चूक माझ्या सांगण्यात होती. आता मी म्हणते, टाळूला बांधलेला दोरा कुणीतरी हलकेच वर ओढतंय असं समजा. डोकं आधी उंच होऊ द्या, मागे ते आपोआप जाईल.

एकट्या मानेवर काम करून मात्र भागत नाही. चेक डॉक्टर व्लादिमीर यांदा यांनी दाखवून दिलं की या दुखण्यात फुली मारल्यासारखी मांडणी असते. छातीचे आणि मानेमागचे स्नायू आखडलेले, मानेपुढचे आणि खांद्याच्या पात्याखालचे दुबळे. पाठीचा वरचा भाग बाकदार आणि कडक असेल तर डोक्याला पुढे जाण्यावाचून वाट नसते. म्हणून टॉवेलची गुंडाळी पात्यांखाली आडवी ठेवून त्यावर पाठ सोडून देणं, दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणणं, पाती खाली-मागे ओढणं हे जोडीला हवंच. कडक सांधे आम्ही हातांनी मोकळे करतो. शेक आणि विजेच्या यंत्रांनी दुखणं तेवढ्यापुरतं शमतं, व्यायाम करणं सोपं जातं. तेवढंच त्यांचं काम. खांदे मागे ओढणाऱ्या पट्ट्याबद्दल सगळे विचारतात. तो बांधून स्नायूंचा दम वाढत नाही, म्हणून मी तो सहसा देत नाही.

काही वेळा व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडे जायला हवं. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, मूठ सैल पडत असेल, बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. पडल्यानंतर मान दुखू लागली असेल, सोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल, तरीही तेच. तरुण वयात रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ धरलेली राहत असेल, तर सांध्यांच्या दाहाची तपासणी करून घ्या. उतारवयात अचानक बाक वाढला, उंची कमी झाली, तर ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो. तिथे ताणण्याचे व्यायाम मनाने करू नयेत.

माझ्याकडे मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्या एक बाई येत होत्या. व्यायाम नेमाने, चुका नाहीत, तरी महिनाभर फरक नाही. एकदा मी त्यांना त्यांचा संगणक घेऊनच यायला सांगितलं आणि नुसतं बघत बसले. पडद्यावरचं अक्षर दिसावं म्हणून त्या हनुवटी वर करून, चष्म्याच्या खालच्या भागातून वाचत होत्या आणि त्यासाठी डोकं पुढे नेत होत्या. दूर आणि जवळ दोन्हींसाठी एकच काच. मानेला मी शिकवत होते एक, चष्मा करवून घेत होता दुसरं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्याच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला, पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला, दर अर्ध्या तासाने उठायचं ठरलं आणि ‘हो’चा व्यायाम पुढे चालू ठेवला. आठ आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला. कोन दोनच अंशांनी सुधारला होता. फोटो काढताना नुसतं उभं राहणं बदललं तरी तेवढा फरक पडतो, हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी फोटोकडे फारसं पाहिलंच नाही. आदल्या संध्याकाळी पूर्ण फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा अख्खा संच, एका बैठकीत वाचून झाला आणि मानेवर एकदाही हात गेला नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.