दोन आकडे आणि जळालेली मोटर

मंडळी, इथं बसलेल्या बहुतेकांच्या खिशात टेस्टर आणि पिशवीत तारेला पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असणार. तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाण्याच्या पंपाची मोटर जळून आली की कारण एकच ऐकू येतं, ‘लाईट कमी होती.’ किती कमी? मोटर तेव्हा किती अँपिअर घेत होती? हे विचारल्याशिवाय कॉइल भरायला घेऊ नका, एवढंच सांगायला मी आलोय.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा करंट. व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम, म्हणजे अडथळा किंवा रेझिस्टन्स; दोन्हींचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे पॉवर. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स साडेसव्वीस ओहमच्या आसपास. आता व्होल्टेज १८० वर आलं. करंट ६.८ अँपिअर, पॉवर जेमतेम १२२५ वॅट. व्होल्टेज एक पंचमांशाहून थोडंच जास्त उतरलं, पण उष्णता चाळीस टक्के गेली, कारण व्होल्टेजबरोबर करंटही उतरला. पाणी उशिरा तापेल, पण गिझर जळणार नाही.

जॉर्ज ओहम जर्मनीतल्या कोलोनला शिक्षक होता, १८२७ साली त्यानं व्होल्ट, अँपिअर आणि ओहमचा हा नियम छापला. त्याच्या आधीच्या प्रयोगांत बॅटरीचा जोर सारखा बदलायचा आणि आकडे जुळायचे नाहीत. मग त्यानं बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. व्होल्टेज स्थिर झालं आणि नियम दिसला. मला या माणसाच्या चिकाटीचं फार मोल वाटतं.

मोटर मात्र गिझरसारखी वागत नाही. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की ती करंट वाढवून घेते. ८ चे १० अँपिअर झाले की वायंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीतली, उष्णता दीडपटीच्या वर जाते, कारण ती करंटच्या वर्गावर वाढते. चालू मोटरचे २३० भागिले ८ केले तर २९ ओहम येतात, पण तो वायंडिंगचा रेझिस्टन्स नव्हे. तार सोडवून मीटर लावलं तर थोडेच ओहम दिसतील. फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते, तो त्या २९ मध्ये मिसळलेला असतो. वॅट काढतानाही गुणाकाराला पॉवर फॅक्टरनं, म्हणजे त्यातला किती भाग खऱ्या कामाला लागतो त्या आकड्यानं, गुणावं लागतं. तीन फेजला आणखी १.७३२ नं.

आणि आता तार. पंचगंगेच्या काठाला पुराच्या भीतीनं मोटर चालू-बंद करायची पेटी वर आणि मोटर खाली असते. समजा मध्ये शंभर मीटर अंतर आहे, तर जाऊन-येऊन तार दोनशे मीटर. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल तर तिचा रेझिस्टन्स दीड ओहम. ८ अँपिअरला १२ व्होल्ट वाटेतच संपतात. कुणी पैसे वाचवायला एक चौरस मिलिमीटरची ओढली, तर साडेतीन ओहमच्या वर. २९ व्होल्ट गेले, आणि २३० वॅट नुसते तार तापवण्यात. वर २३० असताना मोटरला मिळतात २०१. यात लाईटचा काय दोष?

गंमत अशी की मोटर बंद असताना मोजलं तर दोन्हीकडं २३० च दिसतात. करंटच नाही, तर व्होल्टेज पडणार कुठून? म्हणून मोटर चालू, पाणी पडतंय, अशा वेळी टर्मिनलपाशी मोजा. ते काम वायरमननंच करायचं, ओल्या काठावर अनवाणी तर मुळीच नाही. त्याच वेळी क्लॅम्पवरचे अँपिअर बघा, नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा आणि दोन्ही आकडे मोटरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा.