आधी सांगा, मग टोचा

बायाहो, जरा समोर सरका, मागं पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. सरपंचताईंनी मला अर्धा तास दिला अन् विषय दिला बर्ड फ्लूच्या लसीचे साईड इफेक्ट. बरोबरच आहे, डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ अन् एक बिबट गेला, भोपाळच्या लॅबनं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, निघाला म्हणून सांगितलं, तेव्हापासून बाजारात भेटणारा प्रत्येक माणूस मला विचारते, भाऊ, याची लस नाही का, अन् असली तर घेतल्यावर काय होते? त्याच्यावर येतोच. पण आधी मानमोडीचं, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचं सांगू द्या, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघालं.

मी गुरांच्या दवाखान्याच्या नोकरीत नवीन होतो. जंगलाकडच्या एका गावात लासोटाचे, म्हणजे मानमोडीच्या लसीचे थेंब टाकायला गेलो, पहाटे पाचला, खुराडं उघडायच्या आधी, कारण एकदा कोंबड्या सुटल्या की मग धरा त्यांना गावभर पळत. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात शंभर डोसची बाटली, अन् एकदा पाणी मिसळलं की दोन तासात संपवायची. एक आजी होती, तिनं कोंबडी अशी काखेत दाबून धरली, एका हातानं मान आडवी केली, मी डोळ्यात एक थेंब टाकला अन् आम्ही दोघं थांबलो. कोंबडीनं डोळा मिटला की थेंब आत गेला, तोवर सोडायची नाही. आजीच्या बावीस कोंबड्या झाल्या, आजीनं मला काळा चहा पाजला, मी खुश होऊन निघालो.

तिसऱ्या दिवशी गावात बोंब. कोंबड्या शिंकतात, घशात घरघर करतात, दाणा कमी टिपतात. सायबानं रोग टाकला! मी पोचेपर्यंत अर्ध्या गावानं कोंबड्या पडेल त्या भावात विकल्या, काही कापून खाल्ल्या. आता ती लस जिवंत असते बरं का, विषाणू दुबळा केलेला असतो, तो नाकाघशात बसते, तिथं अंग त्याच्याशी झुंजते म्हणून तीन-चार दिवस शिंका येतात अन् आपोआप जातात. हे मला पाठ होतं, राजेहो. पण मी एका माणसाला सांगितलं नव्हतं!

आजीनं विकलेल्या पैशातून नवी पिल्लं घेतली अन् त्यांना काही मला हात लावू दिला नाही. थंडीत मानमोडी आली. हिरवी हगवण, माना वाकड्या, चार दिवसात खुराडं रिकामं. मी गेलो तर आजी ओट्यावर बसून होती, मला म्हणाली, "काहून रे बाप्पा, शिंकतीन म्हून तवाच सांगतलं असतं तं म्या कायले इकल्या असत्या?" मला उत्तर देता आलं नाही. लसीसोबत कागद येते तो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, तो कोण वाचणार? टोचणाऱ्यानंच तोंडानं सांगायला पाहिजे. नोकरी संपली तरी मी हेच बोलत फिरतो.

ताई घड्याळ दाखवून राहिल्या, शेवटची एसटी आहे, म्हणून आता भराभर सांगतो.

कोंबड्यांची बर्ड फ्लूची लस बाहेरच्या देशात आहे, चीन वर्षानुवर्षं टोचते, फ्रान्सनं २०२३ पासून बदकांना सुरू केली. ती बहुतेक मेलेल्या विषाणूची, तेलातली असते, टोचल्या जागी गाठ येऊ शकते, काही दिवस अंडी घटू शकतात. खरी भीती वेगळी आहे. टोचलेली कोंबडी धडधाकट दिसते अन् तरी आतून विषाणू पसरवू शकते, अन् मरतूक दिसली नाही तर कळणार कसं? म्हणून आपल्याकडचं धोरण आजवर एक किलोमीटरच्या आतली सगळी पाखरं मारायचं राहिलं.

माणसाची लस. तिच्यानं बर्ड फ्लू होत नाही, मेलेला विषाणू आहे. दंड दुखते, अंग दुखते, डोकं धरते, थकवा येते, कोणाला ताप, एक-दोन दिवसात उतरते. आपलं अंग हा विषाणू ओळखत नाही म्हणून साध्या मात्रेत भागत नाही, २००७ ला अमेरिकेत मंजूर झालेल्या लसीत नेहमीच्या फ्लूला १५ मायक्रोग्रॅम लागते तिथं ९० लागायचे, तेही दोनदा. आता मात्रा कमी करून सोबत ताकद वाढवणारं औषध घालतात, त्यानं दंड जास्त दुखते. फिनलंडनं २०२४ ला कुक्कुटपालनवाल्यांना अशीच दिली.

मोठ्या गोष्टीही लपवणार नाही. १९७६ ला अमेरिकेत स्वाईन फ्लूच्या लसीनंतर लाखात एखाद्याला हातपाय लुळे पडायचा आजार जास्त दिसला, २००९ च्या एका स्वाईन फ्लू लसीनंतर फिनलंड-स्वीडनच्या काही पोरांना दिवसा झोप आवरेना. त्या बर्ड फ्लूच्या लसी नव्हत्या, पण म्हणूनच आता प्रत्येक नव्या लसीवर डोळा ठेवतात. काही लसी अंड्यात वाढवतात, ज्याला अंड्याची जबर ॲलर्जी आहे त्यानं डॉक्टरला आधीच सांगावं. आपल्या पीएचसीत ही लस मिळत नाही, अन् नेहमीच्या फ्लूच्या इंजेक्शननं बर्ड फ्लू अडत नाही. तेव्हा मेलेलं पाखरू उघड्या हातानं उचलू नका, गुरांच्या दवाखान्यात कळवा.

अन् शुक्रवारी पहाटे मानमोडीचे थेंब आहेत, खुराडं उघडू नका. सोमवारच्या आसपास कोंबड्या शिंकतील, तीन-चार दिवस. विकू नका.